स्पॉटर (जिम)

स्पॉटर म्हणजे जिममध्ये दुसरा कुणी जड वजन मारत असताना त्याच्याजवळ उभा राहून, वजन अडकलंच तर धरणारा माणूस. सांगलीकडं "भावा, जरा सपोर्ट दे की" एवढं म्हटलं की अनोळखी पोरगंसुद्धा आपला सेट (न थांबता सलग मारायची एक फेरी) सोडून येतं.

सगळ्यात जास्त गरज बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं झोपून रॉड छातीवरनं वर ढकलायचा त्याला, कारण तिथं रॉड थेट छातीवर नाहीतर गळ्यावर येतो, आणि ऑलिम्पिक रॉड नुसताच 20 किलोचा, त्यात दोन्हीकडं वीस-वीसच्या प्लेटा टाकल्या की झाले 60. स्पॉटरनं डोक्याकडं उभं राहायचं, किती मारणार ते आधी विचारायचं, स्टँडवरनं रॉड काढून द्यायचा आणि मग एक पंजा वरनं, एक खालनं असे हात रॉडजवळ ठेवायचे पण लावायचे नाहीत. रॉड वाटेत थांबून परत खाली यायला लागला की मगच धरायचा. घोळ इथंच होतो, बरेच जण पहिल्या रॅपपासनंच (रॉड एकदा खाली-वर केला की एक रॅप) ओढत असतात, तोंडानं "तुझंच आहे, तुझंच आहे" चालू, आणि खालच्याच्या छातीपेक्षा वरच्याच्या पाठीचाच व्यायाम जास्त, मग 80 मारतो म्हणणारा खरं किती मारतो ते त्यालापण कळत नाही.

स्क्वॉटला (खांद्यावर रॉड घेऊन उठबशा) मागं उभं राहून, काखेखालनं छातीशी हात ठेवून त्याच्याबरोबर खाली-वर व्हायचं. फार जड असेल तर रॉडच्या दोन टोकांना दोघं, पण उचलायचं एकदमच, नाहीतर रॉड तिरका होतो. डंबेल प्रेसला (बेंच प्रेसच, पण दोन हातांत दोन डंबेल) मनगट धरायचं, कोपर ढकललं तर हात दुमडून डंबेल तोंडावर येऊ शकतं.

डेडलिफ्टला (जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहायचं) स्पॉटर लागत नाही, रॉड खाली सोडता येतो. वेटलिफ्टिंगमधल्या स्नॅच, क्लीन अँड जर्कलापण (रॉड जमिनीवरनं डोक्यावर न्यायचे दोन प्रकार) नाही. सांगलीच्या संकेत सरगरनं 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्य घेतलं, त्यात कोपर दुखावलं, पण प्लॅटफॉर्मवर एकटाच, त्या खेळात रॉड टाकून बाजूला व्हायचं असतं. पॉवरलिफ्टिंगचं (स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्टची स्पर्धा) उलटं, आंतरराष्ट्रीय नियमानं प्लॅटफॉर्मवर कमीत कमी 2 आणि जास्तीत जास्त 5 स्पॉटर, मात्र लिफ्ट चालू असताना त्यांच्या हाताची मदत झाली की लिफ्ट बाद.

कुणीच नसेल तर रॅकच्या (रॉड ठेवायच्या लोखंडी चौकटीच्या) आडव्या सेफ्टी दांड्या छातीच्या किंचित खाली लावून मारायचं. त्या पण नसतील तर बेंच प्रेसला रॉडवर प्लेटा अडकवायच्या क्लिपा लावू नयेत, अडकलं तर रॉड एका बाजूला कलवून प्लेटा पाडता येतात, आवाज होतो, ट्रेनर ओरडतो, चालतंय.