दूरस्थ हृदय पुनर्वसन, कर्करुग्णांचे

कर्करोगावरील उपचारांमुळे हृदयावर झालेला किंवा पुढे होऊ शकणारा परिणाम आटोक्यात ठेवण्यासाठी रुग्णाच्या घरीच, दूरध्वनी आणि साध्या मोजमाप-साधनांच्या आधारे चालवला जाणारा व्यायाम, आहार, औषधपालन व तंबाखूमुक्ती यांचा एकत्रित कार्यक्रम. हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे पुनर्वसन जुने आहे. कर्करुग्णांसाठी त्याची चौकट अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९ मध्ये मांडली आणि २०२२ मध्ये युरोपीय हृदयरोग संघटनेने कर्करुग्णांच्या हृदयाच्या काळजीची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

स्तनाच्या कर्करोगात व लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांत दिले जाणारे डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचे औषध हृदयाच्या स्नायूपेशींना इजा करते, आणि ही इजा एकूण मात्रेबरोबर वाढते. एका प्रसिद्ध विश्लेषणात शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला एकूण ४०० मिलिग्रॅम मात्रेवर सुमारे ५ टक्के, तर ५५० मिलिग्रॅमवर सुमारे २६ टक्के रुग्णांत हृदय निकामी होण्याची लक्षणे अपेक्षित दिसली. स्तनाच्या काही कर्करोगांत दिल्या जाणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाने हृदयाची आकुंचनशक्ती घटते. मात्र औषध थांबवल्यावर ती बहुधा सावरते. छातीच्या डाव्या बाजूच्या किरणोत्सर्गाचा हृदयाच्या रोहिण्यांवरील परिणाम पुष्कळदा काही वर्षांनी उघड होतो. त्यात महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहिल्याने स्नायू झिजतात, आणि गाठ गेली तरी जिना चढताना धाप लागते.

केंद्रात जाऊन करायचे पुनर्वसन आठवड्यातून ३ वेळा १२ आठवडे चालते असे धरले, तर ३६ खेपा होतात. जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशच्या जिल्ह्यांतील अनेक रुग्ण उपचारासाठी नाशिक किंवा मुंबई गाठतात. जळगावहून मुंबई रेल्वेने ४०० किलोमीटरहून अधिक आहे. केमोथेरपीच्या तारखा पाळतानाच शेतीची कामे आणि मजुरी बुडते, तेथे केवळ चालण्याच्या व्यायामासाठी एवढ्या खेपा कोण करणार? भारतात मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे लागू झाल्याने दुरून सल्ला देण्याला नियमांची चौकट मिळाली.

पहिली तपासणी मात्र समोरासमोरच व्हावी लागते. ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), रक्तातील हिमोग्लोबिन व प्लेटलेट आणि सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो, हे पाहून व्यायामाचे प्रमाण ठरते. नंतरचे काम घरचे: अंगणात दोरीने मोजून आखलेल्या अंतरावर येरझारा, खुर्चीवरून उठणे-बसणे, आणि नाडी, रक्तदाब व वजन यांची वहीत रोजची नोंद. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिकाग्रंथी काढल्या असतील तर रक्तदाबाचा पट्टा दुसऱ्या हाताला बांधायचा, हे घरातील ज्या माणसाकडे यंत्र आहे त्याला आधीच करून दाखवावे लागते.

व्यायामाचा जोर नाडीवरून ठरवणे नेहमी शक्य नसते, कारण बीटा-ब्लॉकर ही नाडी मंदावणारी औषधे घेणाऱ्याची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही. म्हणून स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० अंकांची श्रममापक पट्टी वापरतात. सुरुवातीला ११ ते १३, म्हणजे हलके ते काहीसे जड वाटणारे श्रम, पुरे असतात. अंक सांगणे अवघड जाणाऱ्या आजीला ‘दम लागस का?’ असे अहिराणीत विचारून, चालता चालता तिला सलग वाक्य बोलता येते का, हे फोनवर ऐकले तरी काम भागते. नंदुरबारमधील धडगाव-तोरणमाळच्या डोंगरपट्ट्यात व्हिडिओसाठी नेटवर्क शोधत बसण्यापेक्षा ठरल्या वेळी आलेला साधा कॉल अधिक उपयोगी. आणि तेथे अहिराणीऐवजी भिली किंवा पावरी जाणणारी व्यक्ती लागते.

वेळापत्रक हवामानाला धरून आखावे लागते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो; लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला अशा उन्हात भोवळ येऊ शकते, म्हणून चालणे सूर्योदयापूर्वी. आहारात वांग्याच्या भरितापेक्षा सोबतचे पापड, लोणचे आणि शेवभाजीतील शेव यांचे मीठ अधिक त्रासाचे. ३ दिवसांत २ किलोहून अधिक वजन वाढले तर शरीरात पाणी साचत असल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे असते. पाणी किती प्यावे, हेही उन्हाळ्यात डॉक्टरांनीच ठरवून द्यावे, कारण ‘भरपूर प्या’ हा घरगुती सल्ला येथे सरसकट लागू पडत नाही.

ताप असेल त्या दिवशी व्यायाम बंद असतो. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असल्यास वजन उचलणे व जोर लावणे टाळतात, तर हाडांत कर्करोग पसरलेल्यांना पडण्याचा धोका असलेले व्यायाम देत नाहीत. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा आडवे झाल्यावर गुदमरणे यांवर फोनवरून उपाय नाही. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची. नोंदवही पुढच्या केमोथेरपीच्या तारखेला सोबत न्यायची असते, कारण पुढची मात्रा ठरवताना कर्करोगतज्ज्ञाला इकोच्या अहवालासोबत हे रोजचे आकडेही उपयोगी पडतात.