मळलेलं थिनर संपलेलं नसतं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या पेंट शॉपमध्ये शिफ्ट सुटायच्या वेळी उभं राहावं. रंग फवारायची गन धुणं चाललेलं असतं. गनच्या कपात पाण्यासारखं नितळ थिनर, म्हणजे रंग विरघळवणारं द्रव, ओततात, ट्रिगर दाबतात, आणि खालच्या डब्यात तांबूस-करडी धार पडते. दोन-तीनदा असं झालं की डबा बॅरलमध्ये रिकामा. बॅरल भरला की म्हणायचं, थिनर संपलं.

ते संपलेलं नसतं, मळलेलं असतं. रंग, ग्रीस, तेल विरघळवताना थिनरचे रेणू मोडत नाहीत. चहात साखर विरघळली तरी पाणी पाणीच राहतं, तसंच हे. मळ तेवढा वेगळा काढायचा. रंगाची पूड आणि ती धरून ठेवणारं रेझिन उकळून उडत नाहीत, थिनर उडतं. थिनरमधल्या द्रवांपैकी ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, टोल्यूइन ११० ला, झायलीन १४० च्या आसपास. वाफ थंड नळीतून नेली की पलीकडे नितळ द्रव ठिबकतो आणि गाळ भांड्यात राहतो. शाळेत शिकलेलं ऊर्ध्वपातन ते हेच. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या मळीपासून अल्कोहोल काढतात तेही याच तत्त्वावर.

याला वीज किती लागते? एक लिटर टोल्यूइन तापवून त्याची पूर्ण वाफ करायला साधारण ४४० किलोज्यूल उष्णता पुरते, म्हणजे विजेचं जेमतेम अष्टमांश युनिट. ऊर्ध्वपातनाच्या यंत्रात निम्मी उष्णता वाया गेली असं धरलं तरी पाव युनिट. नव्या लिटरचा दर आणि पाव युनिटचं बिल शेजारी मांडून पाहावं. मळ किती यावर हिशेब थोडा हलतो, पण शंभर लिटरमधून ७५ ते ९० लिटर परत मिळणं अवघड नाही. शिवाय धोकादायक कचरा म्हणून पैसे मोजून पाठवायचा माल बॅरलाऐवजी बादलीभर उरतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, म्हणून आपल्याकडे पाणी १०० ऐवजी ९७-९८ अंशांनाच उकळतं. हवेचा दाब कमी, उत्कलनबिंदू कमी. व्हॅक्यूम लावलेली यंत्रं हेच मोठ्या प्रमाणावर करतात: दाब आठव्या हिश्श्यावर आणला की टोल्यूइन ५० अंशांच्या आसपास उकळू लागतं. उष्णता कमी लागते आणि धोकाही कमी होतो.

धोक्याचं मात्र नीट ऐका. शेगडीवर किंवा उघड्या कॉइलवर थिनर तापवायचा प्रयोग कुणीही, कधीही करू नये. टोल्यूइनची वाफ हवेच्या तिप्पट जड. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि वीस फुटांवरच्या ग्राइंडरच्या ठिणगीनेही पेट घेऊ शकते. यंत्र फ्लेमप्रूफच, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारं हवं, अर्थिंग केलेलं, तेलाच्या जॅकेटमधून तापणारं. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या, रंगाचा गाळ तर कोरडा होईपर्यंत आटवायचाच नाही. त्यातलं नायट्रोसेल्युलोज सुकून तापलं की आपोआप पेटतं. डीग्रीझिंगचं, म्हणजे ग्रीस काढायचं, ट्रायक्लोरो (ट्रायक्लोरोइथिलीन) वेगळ्या बॅरलात ठेवायचं. ॲल्युमिनियमच्या बारीक कणांबरोबर ते तापलं तर आम्लाच्या वाफा उठतात.

यंत्र घेण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. तळाचा गाळही २०१६ च्या नियमांप्रमाणे धोकादायक कचराच. तो एरवी ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. मागच्या मोकळ्या जागेत तो ओतणारे दिसले की जीव तुटतो. बेळगावात अजून कितीतरी आवारांत विहिरी आहेत, आणि जमिनीत मुरलेलं थिनर विहिरीच्या पाण्याला लागतं.

थिनर हे मिश्रण असतं. त्यातले हलके घटक हाताळताना आधी उडून जातात, म्हणून परत मिळालेल्या थिनरचं प्रमाण थोडं बदललेलं असतं. रंगात घालायला ते वापरू नये. गन धुवायला उत्तम.

यंत्राइतका पैसा आज नसेल, तर घट्ट झाकणाचे दोन पत्र्याचे डबे पुरतात. संध्याकाळचं मळकं थिनर एका डब्यात बंद करून रात्रभर हलवू नका. सकाळपर्यंत रंगाचा बराचसा जड भाग तळाला बसतो. वरचं अलगद दुसऱ्या डब्यात ओतून घ्यायचं. गनचा पहिला हात त्याने फिरवायचा, शेवटचा तेवढा ताज्या थिनरने.