पार्श्वभूमी : नागपुरात अणू दोन कसे झाले?

ऑक्सिजनचा अणुभार किती, असे जुन्या मराठी पुस्तकावर शिकलेल्याला विचारा. तो १६ सांगेल. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा, हिंदी माध्यमात शिकलेला शेजारी ३२ म्हणेल. दोघांचेही बरोबर आहे. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत मात्र मॉलिक्यूलला अणु म्हणतात आणि ॲटमला परमाणु. शेजाऱ्याचे ३२ हे दोन ॲटमच्या मॉलिक्यूलचे. पुण्यात हा घोळ कोणाला सहसा जाणवत नाही. नागपुरात तो जिन्यातच भेटतो.

किरणोत्सर्गाच्या शोधाची कहाणी शाळेत सगळ्यांनीच वाचलेली असते. १८९६ मध्ये पॅरिसला युरेनियमच्या क्षाराजवळ ठेवलेली फोटोची काच अंधारातच काळवंडली. दोन वर्षांत पोलोनियम आणि रेडियम सापडले. १९०२ च्या सुमारास कॅनडात दोघा संशोधकांनी थोरियमवर काम करून दाखवून दिले की किरण टाकताना मूलद्रव्य स्वतःच बदलून दुसरे होते. १९११ मध्ये अणूच्या पोटात केंद्र असल्याचे कळले. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे एवढेच, की किरण येतात ते या केंद्रातून आणि अणू फुटू शकतो. भारतीय भाषा पदार्थविज्ञानाची परिभाषा पक्की करायला बसल्या तेव्हा ‘अविभाज्य’ अणू केव्हाच विभागला गेला होता. तरी भांडण झाले ते अविभाज्य कोणाला म्हणायचे यावरच.

वैशेषिक दर्शनात, म्हणजे आपल्या एका प्राचीन तत्त्वज्ञानात, परमाणू हा शेवटचा, ज्याचे तुकडे होत नाहीत असा कण. दोन परमाणूंचे एक द्व्यणुक होते, तीन द्व्यणुकांचे एक त्र्यणुक. कौलांच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत जे कण तरंगताना दिसतात, ते हे त्र्यणुक. रेणू म्हणजे तर साधी धूळ. हा हिशेब धरला तर हिंदीची निवड शास्त्राला जवळची ठरते, हे मराठी माणसानेही कबूल करावे. मराठीने वेगळा रस्ता धरला. ‘अणुरेणू’ हा जोडशब्द अभंगांपासून आपल्या कानात बसलेला होता. त्याचे दोन तुकडे करून लहानाला अणू आणि मोठ्याला रेणू म्हटले, की काम झाले. शास्त्री नाक मुरडतील, पण अणुभट्टी, अणुकेंद्र, अणुक्रमांक हे शब्द जिभेवर लगेच बसतात. ‘परमाणुभट्टी’ म्हणून बघा.

या वादात नागपूर नुसते ऐकणाऱ्यांत नव्हते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची ही राजधानी, कारभार हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांचा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस सरकारच्या पाठबळावर एका संस्कृत पंडिताने इथे बसून पारिभाषिक शब्दांची टांकसाळच घातली. सगळ्या भारतीय भाषांना चालतील असे संस्कृत धातूंपासून घडवलेले शब्द हवेत, हा आग्रह. सोडियमला क्षारातु, पोटॅशियमला दहातु, युरेनियमला किरणातु. यातले कितीतरी शब्द पुढे थट्टेचा विषय झाले. मला ती थट्टा थोडी अन्यायाची वाटते. ‘किरणातु’ ऐकून निदान हे काहीतरी किरण टाकणारे आहे एवढे तरी कळते, युरेनियमवरून काय कळते? पण टिकले नाहीत हे खरेच. मराठीने मूलद्रव्यांची नावे बहुतांश आहेत तशी उचलली आणि अणू-रेणू आपले आपल्याजवळ ठेवले.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. शाळेची मराठी पुस्तके मुंबई-पुण्याच्या वळणाची झाली, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांची हिंदी मात्र दिल्लीच्या वळणाची राहिली. सिव्हिल लाइन्समध्ये युरेनियम-थोरियमच्या खनिजांचा शोध घेणारे केंद्राचे विभागीय कार्यालय आहे. त्याच्या हिंदी नावात ‘परमाणु’, आणि आपल्या मराठी वर्तमानपत्रात त्याचीच बातमी ‘अणुखनिज’ म्हणून. हे कार्यालय नागपुरात का, याचे उत्तर नकाशात मिळते. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, इथे संपत येतो आणि पूर्वेला नाइस, ग्रॅनाइट हे जुने खडक सुरू होतात. युरेनियम आणि थोरियम बेसॉल्टपेक्षा ग्रॅनाइटात जास्त असतात. सीताबर्डीच्या टेकडीचा तो काळा दगडही अगदीच कोरा नाही म्हणा. दख्खनच्या लाव्ह्याचे सुमारे ६.६ कोटी वर्षे हे वय काढले ते अशा दगडातल्या पोटॅशियम-४० चे किती आरगॉन झाले ते मोजूनच. या पोटॅशियमचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, १२५ कोटी वर्षांचे.

१९७४ च्या पोखरणनंतर मराठीत ‘अणुस्फोट’ हाच शब्द रुळला. १९९८ च्या मे महिन्यात मात्र घरोघरी हिंदी वाहिन्या होत्या आणि ‘परमाणु परीक्षण’ दिवाणखान्यात येऊन बसले. २००८ मध्ये अमेरिकेशी झालेला करार मराठीत अणुकरार, हिंदीत परमाणु करार. आता मराठी पुस्तकांत ‘अणुवस्तुमान’ आले आहे आणि अणुभाराचा घोळ थोडा ओसरला आहे. मुलेही इंग्रजीत शिकतात. दोन अणूंचे भांडण मिटले ते असे, तिसऱ्याच भाषेने.

रस्त्यावरचा शब्द यापेक्षा पुढे गेला. गाडीच्या मागे चमकणारी पट्टी लावायची तर ‘रेडियम लावून द्या’ म्हणायचे, नंबरप्लेट करणारा तो ‘रेडियमवाला’. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. ती फक्त समोरचा उजेड परतवते. एकेकाळी घड्याळाच्या तबकडीवर खरोखरच्या रेडियमचा रंग असे आणि अंधारात आकडे दिसत. ते घड्याळ गेले, नाव पट्टीला चिकटून राहिले.

सध्या सगळ्यात जास्त गोंधळ ‘किरणोत्सर्ग’ या शब्दाचा आहे. अणुकेंद्राने आपणहून कण किंवा किरण टाकणे म्हणजे किरणोत्सर्ग. नुसत्या रेडिएशनला परिभाषेत ‘प्रारण’ असा चांगला शब्द आहे. वर्तमानपत्रे मोबाइलच्या मनोऱ्यालाही किरणोत्सर्ग चिकटवतात. कर्करोगाच्या उपचारासाठी विदर्भातून, छत्तीसगडातून लोक नागपुरात येतात. त्यातल्या किरणांच्या उपचाराला ते ‘शेक’ म्हणतात, हिंदीवाले ‘सिकाई’. कोबाल्ट-६० च्या यंत्रात खरा किरणोत्सर्गी स्रोत असतो, राजस्थानातल्या अणुभट्टीत साध्या कोबाल्टवर न्यूट्रॉन पाडून तयार होतो तसा. नव्या लिनॅक यंत्रात असा स्रोतच नसतो. इलेक्ट्रॉन वेगाने धातूवर आदळवून क्ष-किरण काढतात आणि बटण बंद केले की किरण बंद. कोबाल्टला बटण नाही. तो झाकता येतो, थांबवता येत नाही. दर महिन्याला साधारण एक टक्क्याने मंदावतो आणि सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येतो, म्हणून जुन्या स्रोताखाली तेवढ्याच मात्रेसाठी रुग्णाला दुप्पट वेळ पडून राहावे लागते.