एका सेलवर बुडबुडे का येत नाहीत?

टॉर्चचे संपलेले सेल फोडून त्यातली काळी कांडी काढायचा उद्योग आमच्या पिढीतल्या बऱ्याच पोरांनी केलाय. हात कोपरापर्यंत काळे, वर आईची बोलणी. अशा दोन कांड्या पाण्यात उभ्या करायच्या, पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालायचा (मीठ नको, त्यातून क्लोरीन निघतो) आणि तारांनी नवे सेल जोडायचे. दोन सेल एकामागे एक लावले की दोन्ही कांड्यांवर बुडबुडे धरतात. वजा टोकाकडे हायड्रोजन, अधिक टोकाकडे ऑक्सिजन. पण एकच सेल लावला तर जवळजवळ काहीच होत नाही.

खरं तर एक सेल पुरायला हवा. पाणी फोडून त्यातले दोन वायू वेगळे करायला निसर्ग किमान 1.23 व्होल्ट मागतो आणि सेल आहे दीड व्होल्टचा. म्हणजे हिशोबाने 0.27 व्होल्ट शिल्लकच राहतात. तरी काम अडतं, कारण किमतीवर वरखर्च आहे, आणि तो या शिलकीत भागत नाही. हा वरखर्च कमी करण्याचं काम उत्प्रेरकाचं, म्हणजे क्रिया सोपी करून देणाऱ्या पदार्थाचं. हरित हायड्रोजनच्या (सौर-पवन विजेने पाणी फोडून काढलेल्या) चर्चेत सौर पॅनेल आणि पवनचक्क्या सतत दिसतात, पण पैशांचा बराच भाग विजेची तार जिथे पाण्याला टेकते त्या पातळशा थरावर ठरतो.

आकडाच पाहू. एक किलो हायड्रोजन काढायचा तर दर व्होल्टमागे सुमारे 26.6 युनिट वीज लागते. संयंत्र 1.9 व्होल्टवर चालत असेल तर किलोला पन्नासेक युनिट. यातला एक दशांश व्होल्ट वाचवला की किलोमागे अडीच युनिटांहून जास्त बचत. भारताच्या 2023 च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनने 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं लक्ष्य ठेवलंय. तेवढ्या हायड्रोजनवर त्याच 0.1 व्होल्टची किंमत होते वर्षाला तेराशे कोटी युनिटांच्या वर.

हायड्रोजनच्या बाजूचं दुखणं तसं किरकोळ. तिथे प्लॅटिनम झकास चालतं. महाग आहे खरं, पण लागतं थोडं. शिवाय मेकॅनिकच्या ग्रीसमध्ये असतो तो मॉलिब्डेनम डायसल्फाइडही हे काम बऱ्यापैकी करतो, तेही त्याच्या पापुद्र्यांच्या फक्त कडांवर. 2005 मध्ये हे आधी संगणकावरच्या गणितात दिसलं आणि दोन वर्षांत प्रयोगाने त्यावर शिक्कामोर्तब झालं.

खरी गाठ आहे ऑक्सिजनच्या बाजूला. 1800 साली लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी व्होल्टाच्या नव्याकोऱ्या बॅटरीने पाणी फोडलं, तेव्हाच त्यांना दिसलं होतं की पितळेची तार वापरली तर या टोकाला वायू निघण्याऐवजी तारच खराब होते. आपली काळी कांडीही या टोकाला झिजते आणि पाण्यात काळे कण उतरतात. ऑक्सिजन जन्मतो ती जागा बहुतेक धातूंना खाऊन टाकण्याइतकी जहाल असते.

त्यात हे काम लांबलचक. ऑक्सिजनचा एक रेणू बनायला पाण्याच्या दोन रेणूंमधून चार इलेक्ट्रॉन एकेक करून काढावे लागतात. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर आधी एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसते, तिचा हायड्रोजन जाऊन नुसता ऑक्सिजन उरतो, मग त्याला आणखी एक जोडी येऊन चिकटते, आणि शेवटी ऑक्सिजनचा रेणू उठून जातो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए (1912 चे नोबेल मानकरी) यांच्या नावाने ओळखलं जाणारं तत्त्व इथे लागू पडतं: उत्प्रेरकाची पकड ना सैल हवी, ना घट्ट. आपल्या भाषेत यजमानासारखी. दारातूनच वाटेला लावणारा नको, आणि "आजची रात्र राहाच" म्हणून चपला लपवणाराही नको.

पंचाईत अशी की इथे पाहुणे एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. पहिली जोडी आणि तिसऱ्या पायरीवरचा लांब तुकडा, दोघेही ऑक्सिजनच्याच हाताने पृष्ठभागाला धरतात. एकाला आग्रह केला की दुसराही बसतो, एकाला उठवलं की दुसराही उठतो. या दोन पायऱ्यांच्या ऊर्जेतलं अंतर जवळपास कुठल्याही धातूवर 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (एका इलेक्ट्रॉनमागच्या ऊर्जेचं माप) आसपासच निघतं, हवं असतं 2.46, म्हणजे 1.23 ची दुप्पट. हा फरक दोन पायऱ्यांत वाटला तरी प्रत्येकीवर 0.37 व्होल्टचा भुर्दंड पडतो. म्हणून नुसता धातू बदलून भागत नाही. दोन वेगळे अणू शेजारी बसवून एका भावाला दुसरीकडून हात द्यायचा, पृष्ठभागावर खोबणी करायची, अशा युक्त्या चालल्या आहेत.

आम्लात टिकून हे काम बऱ्यापैकी करणारा पदार्थ म्हणजे इरिडियमचा ऑक्साइड. इरिडियम जगभरात वर्षाला सात-आठ टनच निघतं, तेही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनम काढताना सोबत. आजच्या पद्धतीच्या एक गिगावॉट आम्लधर्मी संयंत्राला ते ढोबळमानाने 400 किलो लागतं. भागाकार ज्याचा त्याने करावा.

अल्कलीत मात्र निकेल चालतं, आणि इथली गोष्ट मला सगळ्यात आवडते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात निकेलचा इलेक्ट्रोड काही काळ ठेवला की तो आपोआप सुधारतो, हे जुनं निरीक्षण. लोणच्यासारखं मुरतं म्हणा. निकेलची आतली रचना बदलत असावी, असं स्पष्टीकरणही होतं. 1987 मध्ये संशोधक डेनिस कॉरिगन यांनी दाखवलं की निकेल ऑक्साइडमध्ये लोहाचा नुसता अंश गेला तरी ऑक्सिजन सोपा निघतो. गंमत म्हणजे निकेलच्या बॅटऱ्या बनवणाऱ्यांच्या लेखी लोह हा शत्रूच: चार्जिंग करताना नको तो ऑक्सिजन त्याच्यामुळे सुटतो. एकाची डोकेदुखी ती दुसऱ्याची गरज.

तरी प्रश्न राहिला होता की मग शुद्ध निकेल कसं चालतं? 2014 मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या शॅनन बोएचर यांच्या गटाने द्रावणातलं लोह कसून काढून टाकलं. आणि उघडं पडलं की शुद्ध निकेल हा अगदी सुमार उत्प्रेरक आहे. वर्षानुवर्षं निकेलच्या नावावर जमा झालेलं बरंचसं श्रेय बाटलीतल्या मळाचं होतं! बाजारातल्या चांगल्या प्रतीच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्येही पुरेल इतका लोहाचा अंश असतो, तो हळूहळू निकेलमध्ये शिरतो आणि 'मुरणं' म्हणतात ते हेच. प्रत्यक्ष काम लोहाचा अणू करतो की शेजारचं निकेल, यावर अजून वाद झडतात.

हे लोह एका जागी बसूनही राहत नाही. काम करता करता ते द्रावणात सुटतं, आणि द्रावणात लोह शिल्लक असेल तर परत येऊन बसतं. 2008 मध्ये एमआयटीत डॅनियल नोसेरा आणि मॅथ्यू कॅनन यांनी केलेला कोबाल्ट-फॉस्फेटचा थरही असाच स्वतःची डागडुजी करतो. एरवी आपण न झिजणाऱ्या वस्तूच्या शोधात असतो. पण प्रकाशसंश्लेषणात पाणी फोडणारं झाडाचं पान बघा. त्यातल्या ज्या रेणूसमूहावर पाणी फुटतं त्यात मँगनीजचे चार, कॅल्शियमचा एक आणि ऑक्सिजनचे पाच अणू आहेत, आणि 2011 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याची रचना बारकाईने मांडली. न झिजण्याचा हट्ट पानही धरत नाही. कडक उन्हात या समूहाला धरून ठेवणारं प्रथिन सुमारे अर्ध्या तासात खराब होतं. पान ते काढून टाकतं, नवं बसवतं आणि पुन्हा कामाला लागतं.