हायस्कूलमध्ये एपी घेतले नसतील, तर अमेरिकेत कॉलेजचा अर्ज कसा भरायचा

अमेरिकेतल्या मराठी घरांत मूल बारावीला, म्हणजे सीनियर इयरला आलं की कोणाचे किती एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) झाले याची चर्चा सुरू होते. ज्यांचं मूल लहान गावातल्या, शिक्षकांची कायम चणचण असलेल्या हायस्कूलमध्ये शिकतं आणि ज्याने ऑनर्स (नेहमीपेक्षा अवघड) किंवा एपीचे वर्ग घेतलेच नाहीत, ते आईबाप अशा वेळी गप्प होतात. चांगलं कॉलेज आता हातचं गेलं, असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं. तसं धरून चालू नका. इथे मुलाचा अर्ज त्याच्या शाळेसकट वाचला जातो. शाळेत काय उपलब्ध होतं आणि त्यातलं मुलाने काय घेतलं, हे पाहिलं जातं. मात्र ही परिस्थिती कागदावर आपोआप येत नाही. ती आपल्याला आणावी लागते.

वर्ग नव्हतेच, की असून घेतले नाहीत?

आधी हे ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. शाळेत दोनच एपी असतील आणि मुलाने एकही घेतला नसेल तर फारसं बिघडत नाही. दहा असून एकही घेतला नसेल, तर का घेतला नाही याचं खरं उत्तर अर्जात असायला हवं.

हे ठरवणारा कागद म्हणजे स्कूल प्रोफाइल. शाळेचा काउन्सेलर, म्हणजे मुलांना विषय आणि कॉलेजबद्दल मार्गदर्शन करणारा माणूस, तो प्रत्येक अर्जासोबत पाठवतो. किती एपी चालतात, जीपीए (ग्रेड्सची सरासरी) कसा मोजतात, किती मुलं चार वर्षांच्या कॉलेजला जातात, हे त्या एकदोन पानांत असतं. अकरावीच्या वसंतातच तो मागून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. लहान शाळांत हा कागद बरेचदा जुना असतो. शिक्षिका सोडून गेल्यामुळे एपी फिजिक्सचा वर्ग कधीच बंद पडलेला असतो, पण यादीत नाव तसंच राहतं. वाचणाऱ्याला वाटतं, वर्ग होता आणि मुलाने टाळला. काउन्सेलरला भेटून तेवढी दुरुस्ती करून घ्या. हे काम सप्टेंबरच्या आधी व्हायला हवं, कारण त्यानंतर शिफारसपत्रांच्या गर्दीत काउन्सेलर मिळत नाही.

त्याच काउन्सेलरच्या फॉर्मवर आणखी एक प्रश्न असतो: शाळेतल्या इतर कॉलेजोत्सुक मुलांच्या तुलनेत या मुलाचे विषय किती अवघड होते? पाच पर्यायांपैकी एकावर खूण करायची असते. शेकडो मुलं सांभाळणारा माणूस ती खूण घाईत करतो. म्हणून मुलाने विषय का निवडले आणि का सोडले, ते एका पानावर लिहून त्याच्या हाती द्या.

कारण लिहायचं कुठे आणि कसं

कॉमन अॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, जास्तीची माहिती देण्यासाठी एक जागा असते. 2025-26 पासून तिथे 300 शब्दांची मर्यादा आहे. अडचणी आणि परिस्थिती सांगण्यासाठी वेगळी 250 शब्दांची जागा आहे. मुख्य निबंध यात घालवू नका. तो मुलाच्या स्वतःबद्दल असू द्या.

इथे तक्रारीचा सूर नको, माहिती हवी. ‘आमची शाळा वाईट आहे, शिक्षक शिकवत नाहीत’ हे वाक्य मुलाच्याच अंगावर येतं. त्याऐवजी असं लिहिता येतं: ‘आमच्या शाळेत कॅल्क्युलसच्या वर्गासाठी आठवीत अल्जेब्रा वन झालेलं असावं लागतं. मी नववीत या जिल्ह्यात आलो, त्यामुळे त्या रांगेत मला जाता आलं नाही. बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात मी कम्युनिटी कॉलेजमध्ये प्रीकॅल्क्युलस पूर्ण केलं आणि आता तिथेच कॅल्क्युलस घेतो आहे.’ काय आडवं आलं आणि त्यावर मुलाने काय केलं, एवढंच. शाळेनंतर नोकरी, धाकट्या भावंडाची जबाबदारी, दोन वर्गांची एकाच तासाला टक्कर, ही कारणंही तितकीच सरळ लिहावीत. घरात कोणाला ही पद्धत माहीत नव्हती, हेही खरं कारण आहे. ते लिहायला लाजू नये.

कॅलिफोर्नियात यूसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या सरकारी विद्यापीठाचा) अर्ज वेगळा असतो. आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरं, प्रत्येकी 350 शब्दांपर्यंत. त्यातला एक प्रश्न शिक्षणातल्या अडथळ्याबद्दलच आहे, तो जरूर निवडा. यूसी सॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण पाहतच नाही.

उरलेल्या वेळात काय करता येईल

माझ्या मते खुलाशापेक्षा बारावीचं वेळापत्रक जास्त बोलतं. शेवटच्या वर्षी एकदोन अवघड विषय घेऊन त्यात चांगली ग्रेड आणली, तर आधीच्या तीन वर्षांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. शाळेत वर्ग नसेल तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) ड्युअल एनरोलमेंट करता येतं, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच तिथले वर्ग घेता येतात. त्यासाठी शाळेची संमती लागते आणि पुढे त्या कॉलेजचं ट्रान्स्क्रिप्ट (विषय आणि ग्रेड्सचा अधिकृत उतारा) वेगळं पाठवावं लागतं.

एपीची परीक्षा वर्ग न घेताही देता येते. परीक्षा मे महिन्यात असते, पण नोंदणी आदल्या शरदातच, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी लागते. आपल्या शाळेत परीक्षा होत नसेल तर बाहेरच्या मुलांना बसू देणारी शाळा शोधावी लागते, म्हणून ऑगस्टपासूनच फोन करायला लागा. बारावीच्या मे महिन्यातल्या परीक्षेचा प्रवेशासाठी उपयोग नाही, अकरावीच्या मेमधल्या परीक्षेचा होतो.

इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांना एक स्पष्ट सांगायला हवं. एमआयटीसारख्या ठिकाणी कॅल्क्युलस आणि फिजिक्सशिवाय टिकाव लागणं अवघड आहे, आणि तिथे सॅट किंवा एसीटी ही तशीच दुसरी परीक्षाही सक्तीची आहे. पण वाटा रुंदावत आहेत. शाळेत हे विषय नसलेल्या मुलांना कॅलटेकने 2023 मध्ये खान अकॅडमीवर अभ्यास करून प्रमाणपत्र मिळवण्याचा पर्याय दिला.

शाळेतला क्रमांक कामी येतो

कमकुवत शाळेचा एक फायदा कोणी सांगत नाही. टेक्सासमध्ये 1997 च्या कायद्यानुसार आपल्या शाळेत पहिल्या 10 टक्क्यांत असलेल्या मुलाला सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. त्यातल्या यूटी ऑस्टिन (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास, ऑस्टिन) साठी ही मर्यादा 2026 च्या प्रवेशापासून 5 टक्के आहे. हा प्रवेश विद्यापीठात असतो, हव्या त्या मेजरमध्ये (मुख्य विषयात) असेलच असं नाही. कॅलिफोर्नियात शाळेतल्या पहिल्या 9 टक्के मुलांना यूसीच्या जागा शिल्लक असलेल्या कॅम्पसवर जागेची हमी असते. त्यासाठी ए-जी म्हटले जाणारे, यूसीने हायस्कूलसाठी ठरवून दिलेले 15 विषय आणि त्यांत किमान 3.0 जीपीए हवा, आणि त्यातले 11 विषय बारावीच्या आधी झालेले हवेत.

आणि कम्युनिटी कॉलेज. आपल्याकडे त्याचं नाव काढलं की घरात चेहरे पडतात, हे मला फार खटकतं. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत 60 सेमिस्टर युनिट्स (अभ्यासाचे क्रेडिट) पूर्ण करून यूसीकडे ट्रान्सफर घेणाऱ्याचे हायस्कूलचे विषय मग विचारात येत नाहीत. टॅग (ट्रान्सफर अॅडमिशन गॅरंटी) नावाच्या योजनेत डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. टॅगचा अर्ज फक्त सप्टेंबरमध्ये भरता येतो, आणि त्यानंतर यूसीचा नेहमीचा अर्जही भरावाच लागतो. प्रत्येक कॅम्पसचा जीपीए आणि काही मेजर्सच्या अटी वेगळ्या असतात, त्या पहिल्याच सेमिस्टरला तपासून विषय निवडा.

कागदपत्रं आणि तारखा

कॉमन अॅप 1 ऑगस्टला उघडतं. लवकरच्या अर्जांची मुदत बहुधा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, नेहमीच्या अर्जांची जानेवारीच्या सुरुवातीला. ट्रान्स्क्रिप्ट, स्कूल प्रोफाइल आणि काउन्सेलरचा फॉर्म शाळा पाठवते, शिक्षकांची शिफारसपत्रं शिक्षक स्वतः. शाळेत मोफत किंवा सवलतीचं जेवण मिळत असेल तर अर्जाची फी माफ होऊ शकते, सॅटचीही.

नववी-दहावी महाराष्ट्रात करून आलेल्या मुलांनी ती दोन वर्षं लपवू नयेत, ती हायस्कूलच्या चार वर्षांतच मोजली जातात. शाळेच्या शिक्क्यासह नववीचं प्रगतिपुस्तक आणि दहावीची गुणपत्रिका लागते, मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर. टक्क्यांचा जीपीए स्वतः करू नका, गुण आहेत तसे लिहा.

आर्थिक मदतीसाठी फाफ्सा हा केंद्र सरकारचा फॉर्म भरतात, पण एच-4 व्हिसावरची (एच-1बीवर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरची) मुलं संघराज्याच्या मदतीस पात्र नाहीत. राज्याच्या रहिवाशाची कमी फी त्यांना मिळते का, हे राज्यागणिक वेगळं आहे, म्हणून विद्यापीठाच्या रेसिडेन्सी कार्यालयाला ईमेलवर विचारून उत्तर लेखी घ्या. मूल 21 वर्षांचं झालं की एच-4 संपतो, त्याआधी एफ-1 या विद्यार्थी व्हिसाची तयारी करावी लागते.

अर्ज गेल्यावरही बारावीचा अवघड विषय मध्येच सोडू नका. फेब्रुवारीच्या सुमारास सहामाहीच्या ग्रेड्स आणि जूनमध्ये अंतिम ट्रान्स्क्रिप्ट कॉलेजकडे जातं, आणि अर्जात लिहिलेला विषय त्यात नसेल तर दिलेला प्रवेश परत घेतला जाऊ शकतो. विषय बदलावाच लागला तर आधी प्रवेश कार्यालयाला कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.