भाटी: घरातली मादी मांजर

भाटी म्हणजे मादी मांजर, नर तो बोका. बोका सगळ्यांना माहीत असतो पण भाटी हा शब्द आता गावाकडच्या आजीच्या तोंडीच उरलाय, ठाण्या-नव्या मुंबईत लोक सरळ 'मेल आहे का फिमेल' असंच विचारतात. तेही पिल्लू घरी आणताना धड कळलेलं नसतं, बंड्या म्हणून वाढवलेलं पिल्लू पाच महिन्यांनी माजावर, म्हणजे हीटवर, येतं आणि मग रातोरात त्याची बंडी होते. शेपटीखाली दोन छिद्रं जवळजवळ आणि खालचं उभ्या फटीसारखं असेल तर भाटी, दोन्हींत अंतर आणि मध्ये उंचवटा असेल तर बोका. अंगावर काळा, केशरी, पांढरा असे तिन्ही रंग असतील तर बहुतेक वेळा बघायलाही नको. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, काळा आणि केशरी एकाच अंगावर यायला दोन एक्स लागतात आणि बोक्याकडे एकच असतो, म्हणून तिरंगी बोका हजारोंत एखादाच.

भाटीच्या बाबतीत घोळ दोन्हीकडून होतो. माज आला की लोक आजार समजून घाबरतात, आणि खरा आजार असला की 'नखरे करतेय' म्हणून सोडून देतात.

माज साधारण ५ ते ९ महिन्यांच्या वयात पहिल्यांदा येतो, कधी चौथ्या महिन्यातही. नेरूळच्या वन बीएचकेत रात्री अडीचला मांजर सेफ्टी डोअरजवळच्या पायपुसण्यावर छाती टेकून बसलीय, मागची बाजू वर, शेपटी एका अंगाला, मागचे पाय जागच्या जागी कणीक तिंबल्यासारखे चाललेत आणि आवाज असा की वरच्या मजल्यावरच्यांना वाटावं यांच्याकडे तान्हं बाळ आलंय. मग ती लोळते, पायाला घासते, पुन्हा ओरडते. कंबर मोडली का, पोटात दुखतंय का, असं वाटून माणसं तिला तसंच टॉवेलात गुंडाळून डॉक्टरकडे नेतात आणि डॉक्टर हसून सांगतात की हीटवर आलीय. हे साधारण आठवडाभर चालतं, बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा सुरू. कुत्रीसारखा रक्तस्राव मांजरीला होत नाही, त्यामुळे 'पाळी आली असेल' म्हणून थांबू नये, रक्त दिसलं तर ते दाखवायचंच.

माज उजेडावर चालतो. दिवस मोठा झाला, बारा-चौदा तास उजेड मिळाला की अंडाशय कामाला लागतात, म्हणून थंड देशांत हिवाळ्यात भाट्या गप्प असतात. आपल्याकडे डिसेंबरातला सगळ्यात छोटा दिवसही ११ तासांचा, वर हॉलमधली ट्यूबलाईट रात्री बारापर्यंत चालू, म्हणजे हिला विश्रांतीचा सीझन असा राहतच नाही. आणखी एक गंमत म्हणजे बहुतेक वेळा बीज समागमानंतरच सुटतं, आधी नाही. म्हणून भेट झाली की गर्भ राहायची शक्यता भरपूर, आणि एका माजात दोन-तीन बोके आले तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. एक पांढरं आणि एक वाघरं का, याचं उत्तर कधीकधी तेच असतं.

गर्भ ६३ ते ६५ दिवसांचा. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास स्तनाग्रं गुलाबी आणि ठळक होतात, शेवटी शेवटी ती साड्यांच्या कपाटात किंवा बेडच्या खणात जागा शोधायला लागते. पिल्लं सहसा तीन ते पाच. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, त्यातला सात आकडा सोडला तर खरंच आहे, हात लावायला गर्दी झाली की ती एकेकाला मानेला धरून उचलून नेते. अंगावर पाजत असतानाही ती पुन्हा माजावर येऊ शकते, हे बऱ्याच घरांना दुसरं वेत आल्यावरच कळतं.

'एकदा तरी पिल्लं होऊ दे, मग ऑपरेशन करू' हे सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि त्याला तब्येतीचा काही आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी, पाचेक महिन्यांच्या आत गर्भाशय-अंडाशय काढलं तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका खूप कमी होतो, आणि मांजरीच्या स्तनातल्या गाठी बहुतेक कॅन्सरच्याच निघतात. माज दाबायच्या गोळ्या-इंजेक्शनं स्वस्त वाटतात पण त्यांनीच स्तनाच्या गाठी आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. हा पू म्हणजे पायोमेट्रा. माजानंतर काही आठवड्यांनी मांजर मलूल, खाणं सुटलेलं, पाणी जास्त पिते, कधी मागून घाण वासाचा स्राव. तोंड बंद असलेल्या गर्भाशयात तर स्रावही दिसत नाही, फक्त पोट फुगतं आणि घरच्यांना वाटतं गाभण आहे. इथे एक दिवसही थांबायचं नाही. रात्री-अपरात्री जवळ काही उघडं नसेल तर आपल्याकडे अजूनही लोक मुंबईतलं परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल आठवतात.

ऑपरेशननंतर भूक वाढते आणि गरज कमी होते, अंग सुटण्याचं कारण तेच. पण चालताना पोटाखाली हलणारी सैल झोळी चरबीच असते असं नाही, ती मांजराच्या अंगाची नैसर्गिक ठेवण असते.

लघवीची नळी भाटीची रुंद असते, त्यामुळे बोक्यासारखी तुंबण्याची भीती कमी, तरी मूत्राशयाला सूज येतेच. वाळूच्या ट्रेमध्ये दहादा बसणं, थेंबभर करणं, मग गादीवर करणं. याला लोक सूड म्हणतात. मांजरीला सूड वगैरे सुचत नाही हो, तिला तिथे जळजळ होतेय आणि ट्रे म्हणजे दुखणं असं तिच्या डोक्यात बसलंय. घुरघुर ऐकून बरी आहे असंही धरू नये, दुखत असताना आणि वीत असतानाही मांजर घुरघुरते. दोन दिवस काही खाल्लं नाही तर, विशेषतः जाडी असेल तर, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मारू शकते, लादीवरचं फिनाईल पायाला लागून चाटण्यात जातं, आणि कुत्र्याच्या गोचीडाचं परमेथ्रिनवालं औषध तिला विष.

माजावरची भाटी बाहेर पडायला काहीही करते. घोडबंदरच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्याच्या खिडकीला डासांची जाळी असते, ती डासांसाठीच असते, मांजराच्या वजनाने फ्रेमसकट सुटते. तिथे तारेची जाळीच लागते.

खाली पार्किंगमध्ये राहणाऱ्या भाट्यांत मात्र वेगळाच कारभार दिसतो, आई, मुलगी, मावशी एकाच कोपऱ्यात वितात आणि एकमेकींची पिल्लं पाजतात, बोके फक्त येऊन जाऊन. त्यातल्या एखादीच्या कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं असेल तर ते भांडणात तुटलेलं नसतं, ऑपरेशन झाल्याची खूण असते, पुन्हा पकडून टेबलावर नेऊ नये म्हणून.