जेल गिटार डोअर्स

जेल गिटार डोअर्स : तुरुंगातील कैद्यांच्या पुनर्वसनासाठी गिटार पुरवणारा उपक्रम. इंग्लिश गायक-गीतकार बिली ब्रॅग याने तो २००७ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केला. द क्लॅश या पंक रॉक बँडचा गायक व गिटारवादक जो स्ट्रमर (२१ ऑगस्ट १९५२ – २२ डिसेंबर २००२) याला जाऊन त्या वर्षअखेरीस पाच वर्षे होत होती, आणि हा उपक्रम म्हणजे त्याचे स्मारक, अशी ब्रॅगची भूमिका होती. २००९ मध्ये अमेरिकेत याच नावाची संस्था उभी राहिली, पुढे कॅनडातही काम सुरू झाले. ब्रिटनमधील कामावर ‘ब्रेकिंग रॉक्स’ हा माहितीपट निघाला आहे.

गाणे आणि त्यातले तीन वादक : उपक्रमाचे नाव क्लॅशच्या एका गाण्यावरून घेतले आहे. फेब्रुवारी १९७८ मध्ये ‘क्लॅश सिटी रॉकर्स’ ही तबकडी निघाली, तिच्या मागच्या बाजूला हे गाणे होते. १९७९ मध्ये बँडच्या पहिल्या अल्बमची अमेरिकन आवृत्ती आली तेव्हा ते तिच्यात घेतले गेले. ध्रुवपद त्याहून जुने. क्लॅशच्या आधी स्ट्रमर पबमध्ये वाजवणाऱ्या एका बँडमध्ये गात असे, तिथल्या एका गाण्यातून ते उचलले होते. कडवी मात्र नवी, आणि तिन्ही कडव्यांत कायद्याच्या कचाट्यात सापडलेला एकेक गिटारवादक आहे : डेट्रॉइटच्या एमसी-५ बँडचा वेन क्रेमर, फ्लीटवुड मॅकचा संस्थापक पीटर ग्रीन आणि रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स.

तिघांची गत वेगवेगळी झाली. रिचर्ड्सला १९७७ मध्ये टोरांटोत हेरॉइनसह पकडले होते आणि जामिनाची रक्कम २५ हजार डॉलर होती. ती गाण्यातही येते. शेवटी न्यायालयाने त्याला तुरुंगात न पाठवता अंधांसाठी एक कार्यक्रम करायला लावले. मोठ्या वकिलांची फी परवडणाऱ्याला शिक्षासुद्धा मंचावर भोगता येते, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढणे अवघड आहे. ग्रीन मानसिक आजाराने खचला होता. त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली. खरी कैद भोगली ती क्रेमरने. साध्या वेशातल्या सरकारी अधिकाऱ्यांना कोकेन विकल्याबद्दल १९७५ मध्ये तो पकडला गेला, चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यातली दोनेक वर्षे त्याने केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन इथल्या तुरुंगात काढली. लंडनमध्ये क्लॅशवाले त्याच्यावर गाणे रचत होते तेव्हा तो गजाआड होता.

लेक्सिंग्टनमध्ये त्याला एक गुरू भेटला. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या जॅझ पंचकात ट्रंपेट वाजवलेला रेड रॉडनी अमली पदार्थांच्याच प्रकरणात तिथे आला होता. धांगडधिंग्याच्या रॉकमधून आलेल्या क्रेमरने त्याच्याकडे संगीतशास्त्राचे धडे गिरवले, आणि दोघे मिळून कैद्यांसमोर वाजवू लागले. वाद्य हाती असले की तुरुंगातला दिवस कसा सरतो, हे क्रेमरला तेव्हापासून ठाऊक होते. तीस वर्षांनी ते कामी आले.

स्ट्रमर : त्याचे खरे नाव जॉन ग्रॅहम मेलर. जन्म तुर्कस्तानातल्या अंकाऱ्याचा, कारण वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात होते. ते स्वतः जन्मले लखनौत. कैरो, मेक्सिको सिटी, बॉन अशा बदल्यांमागून फिरत आणि मग इंग्लंडमधल्या वसतिगृहात मुलगा वाढला. १९७० मध्ये थोरल्या भावाने आत्महत्या केली. चित्रकलेचे शिक्षण अर्धवट, वेल्समधल्या न्यूपोर्ट गावी कबरी खणण्याची नोकरी, लंडनच्या भुयारी रेल्वेत उकुलेले वाजवून पैसे मागणे, रिकाम्या घरांत घुसून राहणे, असे करत तो १९७६ मध्ये क्लॅशपर्यंत पोचला. मध्यंतरी तो ‘वुडी’ हे नाव लावत असे. अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री याच्यावरून.

क्लॅशचे राजकारण हा वेगळ्या नोंदीचा विषय आहे. इथे एकच प्रसंग पुरे. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वंशवादविरोधी मोर्चानंतर क्लॅशने गायले. गर्दीत बार्किंगहून आलेला विशीतला बिली ब्रॅग होता. आपल्या राजकीय जाणिवेची सुरुवात तो त्या दिवसापासून मोजतो.

क्लॅशमधल्यांना कोठडी अगदीच परकी नव्हती. उशीचा अभ्रा चोरल्यासारख्या किरकोळ आरोपांवरून अटक, दंड हे प्रकार सुरुवातीला झाले, त्यांत बंडखोरीपेक्षा पोरकटपणा अधिक. ढोलवादक टॉपर हेडनची गोष्ट गंभीर आहे. हेरॉइनपायी त्याला १९८२ मध्ये बँडमधून काढले आणि १९८७ मध्ये हेरॉइन पुरवल्याच्या गुन्ह्यात पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. गाण्यात दुसऱ्यांविषयी लिहिलेले त्याच्या घरात शिरले.

डॉर्सेटचे पत्र : ब्रॅग १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात राहतो. त्याच परगण्यात शाफ्ट्सबरी गावाजवळ गाइज मार्श तुरुंग आहे. तिथे व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या एका समुपदेशकाने ब्रॅगला लिहिले : कैदी बोलते व्हावेत म्हणून मी त्यांना गिटार शिकवतो, वाद्ये मिळतील का? समुपदेशकासमोर घडाघडा बोलेल असा कैदी विरळाच. पण ‘सी’ या सुरावटीवरून (कॉर्ड) ‘जी’वर बोटे कशी न्यायची, हे विचारायला तो तोंड उघडतो, आणि एकदा उघडलेले तोंड मग दुसऱ्याही गोष्टी बोलते. ब्रॅगने गिटारी दिल्या. मग हे एका तुरुंगापुरते का ठेवायचे, असा विचार करून त्याने इतर वादकांकडे आणि चाहत्यांकडे मदत मागायला सुरुवात केली. क्लॅशमधला स्ट्रमरचा जोडीदार मिक जोन्स याचाही पाठिंबा मिळाला.

कामाची रीत साधी आहे. गिटार कोणा एका कैद्याला बक्षीस म्हणून मिळत नाही. ती तुरुंगाकडे जाते, आणि तिचा उपयोग पुनर्वसनाच्या कामासाठी होईल, शिकवायला आत कोणीतरी असेल, अशी अपेक्षा असते. शिकवणारा नसेल तर गिटार महिन्याभरात कोपऱ्यात पडते, तारा गंजतात आणि एखादी खुंटी मोडली की कोणी हात लावत नाही. म्हणून वाद्याइतकाच माणूस महत्त्वाचा.

तुरुंगात संगीत नेणारे ब्रॅग आणि क्रेमर काही पहिले नव्हेत. अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशने १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियाच्या फॉल्सम तुरुंगात ध्वनिमुद्रण केले, दुसऱ्या वर्षी सॅन क्वेंटिनमध्ये. ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग १९७० मध्ये शिकागोच्या कुक काउंटी जेलमध्ये वाजवून आला. पंकवालेही मागे नव्हते : सेक्स पिस्टल्सनी सप्टेंबर १९७६ मध्ये इंग्लंडच्या चेम्सफर्ड तुरुंगात कार्यक्रम केला. या कार्यक्रमांची गंमत अशी की त्यांच्या तबकड्या बाहेर विकल्या गेल्या, कीर्ती गायकाची वाढली आणि संध्याकाळी वाद्ये गाडीत भरून सगळे घरी गेले. कॅशच्या सॅन क्वेंटिनमधल्या पहिल्या काळातल्या एका कार्यक्रमाला कैद्यांत बसलेला मर्ल हॅगर्ड पुढे स्वतः मोठा गायक झाला, पण तो अपवाद. जेल गिटार डोअर्सने कार्यक्रमही केले. मात्र कार्यक्रम संपल्यावर गिटार आतच राहते. हा फरक छोटा वाटतो, पण उपक्रमाचे सारे वेगळेपण त्यातच आहे. प्रेक्षक म्हणून बसलेल्या कैद्याला तासभर विरंगुळा मिळतो. गिटार घेऊन बसलेल्याला बोटांना घट्टे पडेपर्यंत रोज काहीतरी करायचे असते, ते चुकते, पुन्हा करावे लागते, आणि एकाच वाद्यावर चौघांना आळीपाळीने बसायचे असल्याने भांडण न करता थांबावेही लागते.

स्ट्रमर आणि कॅश यांचाही एक धागा आहे. २००२ मध्ये निर्माता रिक रुबिन याच्याकडे दोघांनी बॉब मार्लीचे ‘रिडेम्प्शन साँग’ एकत्र गायले. ते बाहेर आले तेव्हा दोघेही हयात नव्हते.

ब्रेकिंग रॉक्स : ॲलन माइल्स दिग्दर्शित या माहितीपटाचे नाव ‘आय फॉट द लॉ’ या गाण्याच्या पहिल्या शब्दांतून आले आहे, उन्हात खडी फोडणाऱ्या कैद्याचे ते गाणे सनी कर्टिसचे, आणि १९७९ मध्ये क्लॅशने ते आपलेसे केले. माहितीपट ब्रॅगच्या कामामागे जातो. बोलतात ते मुख्यतः तुरुंगात गिटार हाती आलेले आणि सुटल्यावर बाहेर गाऊ लागलेले स्त्री-पुरुष. दिवंगत कलावंतावरचे चित्रपट बहुधा जुनी चित्रफीत, मित्रांच्या आठवणी आणि शेवटी अंत्ययात्रा अशा वळणाने जातात. इथे स्ट्रमर मध्यभागी नाही, आणि तेच योग्य आहे. त्याच्याविषयी ज्यांना फारसे काही माहीतही नसेल अशा माणसांच्या हातात त्याच्या गाण्याचे नाव पोचले आहे.

अमेरिका : वेन क्रेमर, त्याची पत्नी मार्गारेट साडी क्रेमर आणि ब्रॅग यांनी २००९ मध्ये अमेरिकेतील शाखा स्थापन केली. ज्याच्यावर गाणे रचले होते त्यानेच गाण्याच्या नावाची संस्था चालवावी, हा योग कादंबरीत आला असता तर ओढूनताणून आणल्यासारखा वाटला असता. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या सिंग सिंग तुरुंगात कार्यक्रम झाला. गिटारवादक टॉम मोरेलो, गायक पेरी फॅरेल यांच्यासारखे रॉक कलावंत क्रेमर-ब्रॅगबरोबर होते.

अमेरिकेतले काम ब्रिटनपेक्षा पसरट झाले, त्याचे एक कारण तुरुंगांची संख्या. त्या सुमारास तिथे सुमारे २३ लाख लोक कैदेत होते, इंग्लंड व वेल्समध्ये साधारण ८० हजार. क्रेमरने गिटारींच्या जोडीला गीतलेखनाच्या कार्यशाळा सुरू केल्या. कैदी गोल करून बसतात, प्रत्येकाने आपले गाणे लिहायचे आणि इतरांसमोर म्हणायचे. रागाविषयी, आईविषयी, न पाहिलेल्या मुलाविषयी लिहिणे एक वेळ जमते. ते दहा जणांसमोर म्हणून दाखवणे तुरुंगातल्या मर्दानगीच्या रिवाजात बसत नाही. म्हणूनच ते करायचे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना दिल्या जाणाऱ्या लांबलचक शिक्षांविरुद्ध क्रेमर उघडपणे बोलत असे. लॉस एंजेलिसमध्ये संस्थेने तरुणांसाठी कला केंद्रही काढले. २ फेब्रुवारी २०२४ रोजी क्रेमर पंचाहत्तराव्या वर्षी वारला.

तारांचा तंटा : ब्रिटनमध्ये उपक्रमाची खरी कसोटी २०१३ मध्ये लागली. न्यायमंत्री ख्रिस ग्रेलिंग याच्या काळात कैद्यांना मिळणाऱ्या सवलतींचे नियम १ नोव्हेंबर २०१३ पासून कडक झाले. कैद्यांना बाहेरून पार्सलने पुस्तके येणे बंद झाले, त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. त्याच नियमांनी कोठडीत धातूच्या तारांची गिटार ठेवायलाही मनाई केली. नायलॉनच्या तारा चालतील, असे सांगण्यात आले.

न वाजवणाऱ्याला यात काय बिघडले ते कळत नाही. नायलॉनची तार अभिजात गिटारची. तिची बोटे ठेवायची पट्टी वरच्या टोकाला सुमारे ५२ मिलिमीटर रुंद, तर धातूच्या तारांच्या गिटारची ४३-४४. नवशिक्याच्या बोटांना हा जवळजवळ सेंटिमीटरचा फरक फार जाणवतो. शिवाय धातूच्या तारांच्या गिटारला नायलॉन बसवली तर ती ढिली वाजते, आवाज निघत नाही. आणि आत शिकवल्या जाणाऱ्या वाद्यांचा बहुतेक साठा होता धातूच्या तारांचाच. म्हणजे नियम झाला तारांबद्दल, कुलुपात गेली अख्खी वाद्ये. तारेचा गैरवापर होऊ शकतो, ही भीती निराधार नाही. पण चादर, दाढीचे पाते आणि बुटाची नाडी यांच्या तुलनेत तारेलाच वेगळे काढण्याचे कारण कोणी नीट दिले नाही.

ब्रॅगने २०१४ च्या वसंतात ‘द गार्डियन’मध्ये पत्र छापून आणले. द स्मिथ्सचा गिटारवादक जॉनी मार, पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमोर, रेडिओहेडमधले वादक यांच्या त्यावर सह्या होत्या. नियम आल्यापासून तुरुंगांत आत्महत्या वाढल्याकडे पत्राने बोट दाखवले होते. संसदेत केव्हिन ब्रेनन या मजूर पक्षाच्या खासदाराने पाठपुरावा केला. तो स्वतः खासदारांच्या बँडमध्ये गिटार वाजवत असे, हा इथे उपयोगी पडलेला योगायोग. त्याच उन्हाळ्यात सरकारने मनाई मागे घेतली आणि निर्णय त्या त्या तुरुंगाच्या प्रमुखावर सोपवला. पुस्तकांवरचे निर्बंध उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये बेकायदा ठरवले.

संबंधित संस्था : जेल गिटार डोअर्स आणि ‘स्ट्रमरविल’ यांची गल्लत होते. स्ट्रमरविल ही स्ट्रमरच्या कुटुंबीयांनी व मित्रांनी त्याच्या मृत्यूनंतर काढलेली वेगळी धर्मादाय संस्था. होतकरू वादकांना तालमीची जागा, कार्यक्रम आणि आर्थिक मदत मिळवून देणे हे तिचे काम. ग्लॅस्टनबरी महोत्सवात स्ट्रमर रात्रभर शेकोटी पेटती ठेवून कोणालाही गायला बसवत असे, ती प्रथा संस्थेने चालू ठेवली. तिच्यावरही ‘स्ट्रमरविल’ याच नावाचा माहितीपट आहे (२०१०). त्याचा दिग्दर्शक डॉन लेट्स हा लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये पंकवाल्यांना जमैकाचे रेगे संगीत ऐकवणारा डीजे, आणि क्लॅशचा जुना सोबती. संस्था पुढे जो स्ट्रमर फाउंडेशन या नावाने ओळखली जाऊ लागली. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर स्ट्रमरच्या नावे लावलेले ‘रेबेल्स वूड’ हे वन या दोन्हींहून निराळे आहे. आपल्या ध्वनिमुद्रणांमुळे व दौऱ्यांमुळे होणाऱ्या प्रदूषणाची भरपाई झाडांनी करावी, ही कल्पना त्याने हयातीतच उचलून धरली होती.